वाघ सोडून काय बघायचं? आधी तिथी बघा, मग रविवार

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातलं चौघांचं कुटुंब, मुलगी तेरा वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा, कधीमधी सोबत आजी, आणि घरी एक लॅब्राडोर. फिरायची हौस सगळ्यांना, प्राण्यांचं वेड तर विचारूच नका. ताडोबा एकदा करून झालं. दर वर्षी ते खिशाला झेपत नाही, आणि जिप्सीत बसून वाघाच्या वाटेकडे डोळे लावण्याचा मुलांना कंटाळा आला. प्राणिसंग्रहालय नको. एक-दोन दिवसांत होईल असं वर्षभरात काय काय आहे, आणि कुत्र्याला नेता येईल का?

कुत्र्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी ‘नाही’ असं आहे, त्याची कारणं पुढे सांगतो. बाकीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र भरपूर आहे. पुण्यामुंबईतून कुटुंबांना घेऊन अशा सहली काढणं हेच माझं काम. त्यात लोकांची एक सवय वारंवार दिसते: आधी मोकळा शनिवार-रविवार शोधायचा, मग त्या दोन दिवसांत कुठला प्राणी बसतो ते बघायचं. अशाने जानेवारीत वेळासला जाऊन रिकामा किनारा बघितला जातो आणि ऑगस्टमध्ये भिगवणला जाऊन नुसतं पाणी. उलट चाला. भिंतीवर तिथींची दिनदर्शिका असेलच, ती काढा. गाढवांचा बाजार पौष पौर्णिमेला भरतो, घोड्यांचा दत्तजयंतीला, पोळा अमावास्येला, मचाणावरची रात्र बुद्धपौर्णिमेला, आणि समुद्राची ओहोटी तर पूर्णपणे चंद्राच्या हिशोबाने. शाळेची सुट्टी त्यात नंतर बसवायची.

सुरुवात भिगवणपासून करा, कारण ते सगळ्यात सोपं आहे. पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर. भीमेवर उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि मागे पसरलेल्या उथळ पाण्यात पक्ष्यांचं राज्य आलं. कुंभारगाव आणि डिकसळ या दोन गावांतून मच्छीमारच नावा काढतात. पूर्वी ज्या नावेतून जाळं टाकायचे त्याच नावेतून आता पाहुण्यांना नेतात, आणि कुठल्या चिखलावर आज कोण बसलंय हे त्यांना तोंडपाठ असतं. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, हे मुख्य आकर्षण. पण माझ्या मते पट्टकादंब जास्त बघण्यासारखा. हिमालय ओलांडून आलेला हा हंस तुमच्यापासून दोनशे फुटांवर शांतपणे गवत खात असतो. चक्रवाक, चित्रबलाक, कुरव, नदी सुरय हे सगळे एका फेरीत दिसतात. मासा पकडून खांबावर फाडत बसलेला ऑस्प्रे दिसला तर मुलगा तिथून हलणार नाही.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. रोहित पक्षी चिखलातलं बारीक खाद्य गाळून खातो, त्यामुळे त्याला पाणी उतरलेलं लागतं. उजनी काठोकाठ भरलेली असली की चिखल उघडा पडत नाही आणि हे पक्षी उशिरा येतात. म्हणून पाऊस चांगला झालेल्या वर्षी डिसेंबरात जाऊन निराश होऊ नका, जानेवारीअखेर ते मार्च ठेवा. निघण्याआधी नाववाल्याला फोन करून ‘पाणी किती उतरलंय?’ एवढंच विचारा. ‘पक्षी आहेत का?’ या प्रश्नाला उत्तर नेहमी ‘आहेत की, या’ असंच मिळतं.

नावेत सूर्योदयाला बसा. म्हणजे घरून पहाटे साडेतीनला निघणं, किंवा आदल्या रात्री गावात घरगुती मुक्काम. थव्याच्या जवळ आल्यावर मोटर बंद करून वल्ह्याने न्यायला सांगा. आणि शेजारच्या नावेतला कुणी मोठ्या कॅमेऱ्यावाला ‘उडव रे जरा’ म्हणाला तर मुलांसमोर त्याला अडवा. उडालेल्या थव्याचा फोटो छान येतो हे खरं, पण दिवसातून दहा वेळा उडवलेला पक्षी खाणार कधी? चांगले नावाडी आता स्वतःच नकार देतात, त्यांना जरा जास्तीचे पैसे द्या. परत आल्यावर कुंभारगावात जेवा. चिलापी तळलेली, मरळ किंवा वाम रश्श्यात, सोबत भाकरी. चिलापी हा मूळचा आफ्रिकेतला मासा, आता त्याच्याशिवाय उजनीकाठचं ताट पूर्ण होत नाही. आजी शाकाहारी असतील तर आधी सांगावं लागतं, मग पिठलं-भाकरी मिळते. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसदेवचं बुडालेलं मंदिर वर येतं. एप्रिल-मेमध्ये गेलात तर तेही होऊन जाईल, पण मग स्थलांतरित पक्षी बरेच निघून गेलेले असतात.

आता वेळास. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं हे गाव नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून ओळखलं जायचं, आता कासवांचं म्हणून ओळखलं जातं. ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वाळूत येते, हातभर खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. मागे वळून बघत नाही. ही अंडी पूर्वी माणसं, कुत्री आणि कोल्हे यांच्या पोटात जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला, आणि घरं पाहुण्यांसाठी उघडली. ज्या अंड्यांचे चार पैसे यायचे तीच राखून आता मुक्कामाचे पैसे येतात. संवर्धन टिकतं ते असं.

महोत्सव साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. अंडी कुंपण घातलेल्या जागेत पुन्हा पुरलेली असतात, प्रत्येक घरट्यावर टोपली आणि तारखेची पाटी. पिल्लं बाहेर यायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. वाळू तापलेली असेल तर लवकर. याच तापमानावर पिल्लू नर होणार की मादी हेही ठरतं, गरम वाळूत माद्या जास्त. हे तेरा वर्षांच्या मुलीला आधी सांगून ठेवा, मग ती कुंपणापाशी उभी राहून वाळूला हात लावून बघेल. सकाळी आणि संध्याकाळी टोपल्या उघडून बघतात, आणि पिल्लं निघालेली असली तर ती पाण्यापासून काही अंतरावर सोडतात. उचलून थेट पाण्यात टाकत नाहीत, त्यांना वाळूवरून चालत जाऊ देतात. मधे दोरी बांधलेली असते, तुम्ही दोरीच्या अलीकडे.

टोपली उघडली आणि खाली काहीच नाही, असं होतं. पुष्कळदा होतं. म्हणून एका रात्रीचा मुक्काम ठेवून संध्याकाळ आणि सकाळ दोन्ही धरा, जमलं तर दोन रात्री. मुलांना निघायच्या आधीच सांगून ठेवा की पिल्लं दिसतीलच असं नाही. नाहीतर आठ वर्षांचं पोर किनाऱ्यावर रडायला लागतं आणि बाप स्वयंसेवकाशी भांडायला लागतो; मी बघितलंय. फ्लॅश नाही, पांढरा टॉर्च नाही. पिल्लू पाण्याकडच्या उजेडाच्या दिशेने जातं, तुमच्या मोबाईलचा उजेड त्याला उलट फिरवतो.

ही मोठी झालेली कासवं कुठे जातात हे अलीकडे थोडं कळायला लागलंय. २०२२ मध्ये कोकण किनाऱ्यावरच्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संकेत पाठवणारी यंत्रं बसवली. वेळासच्या मादीचं नाव ठेवलं प्रथमा, आंजर्ल्याची ती सावनी. त्यांचा प्रवास नकाशावर बघता यायचा. आणखी मजेशीर गोष्ट २०२५ ची. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये बिल्ला लावलेली एक मादी गुहागरला अंडी घालताना सापडली. तोवर पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगळी समजली जायची.

वेळासला हॉटेल शोधू नका. घरांतच राहायचं, पंगतीत जेवायचं, बहुतेक ठिकाणी शाकाहारी. ताटात कधी उकडीचे मोदक येतात, आजी खूश. संडास-बाथरूम बहुधा सामायिक, तेवढी तयारी ठेवा. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगावमार्गे जाता येतं. मुलांसाठी मात्र हरिहरेश्वरच्या बाजूने बागमांडल्याला येऊन गाडीसकट फेरीबोटीने वेश्वीला उतरा. दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास, पण परत आल्यावर तोच आठवणीत राहतो. वाटेत बाणकोटचा किल्ला आहे. वेळासला जागा मिळाली नाही तर आंजर्ल्यालाही कासवांचं काम चालतं, आणि तिथला किनारा जास्त मोठा आहे.

आता ज्याला लोक ‘प्राण्यांची सहल’ समजतच नाहीत, पण माझ्या मते सगळ्यात रंगतदार, ते म्हणजे जनावरांचे बाजार. जंगलातला प्राणी लांबून बघायचा. बाजारात प्राणी आणि माणूस यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं हाताच्या अंतरावर दिसतं. त्यात कुरूप गोष्टीही असतात, त्या लपवू नका.

पुण्याजवळचा म्हणजे जेजुरीचा. पौष पौर्णिमेच्या यात्रेला तिथे गाढवांचा बाजार भरतो. वडार, कैकाडी, बेलदार, कुंभार, वैदू अशा अनेक समाजांचे लोक येतात. खंडोबाचं दर्शन, सोयरीक, जातपंचायतीची जुनी आठवण आणि गाढवांची खरेदी एकाच फेरीत. गावरान गाढव लहान, करड्या रंगाचं. गुजरातेतून येणारं काठेवाडी अंगाने मोठं, पांढुरकं, आणि किमतीला त्याच्या कितीतरी पट. दात बघून वय ठरवतात: दोन दाती ते दुवान, चार दाती चौवान. खरेदीदार जबडा उघडतो, पाय उचलून खूर बघतो, पाठीवर दाब देतो, मग भाव. वीटभट्टी, माती, खडी, जिथे ट्रॅक्टर जात नाही तिथली ओझी हे त्यांचं काम, आणि ते काम यंत्रांनी घेतलं. २०१९ च्या पशुगणनेत देशातली गाढवं जेमतेम सव्वा लाख उरली होती. त्याआधीच्या २०१२ च्या गणनेपेक्षा साठ टक्क्यांहून जास्त घट. वाघ किती हे आपल्याला तोंडपाठ असतं, गाढव किती याची कुणाला पडलीय? मुलांना वहीत लिहायला सांगा: कुठून आलात, गाढवाचं नाव काय, काय काम करतं. माणसं प्रेमाने सांगतात. फक्त फोटोआधी विचारा, आणि लोकांकडे तमाशा बघितल्यासारखं बघू नका. रंगपंचमीच्या सुमारास पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांच्या यात्रेतही असाच गाढवांचा बाजार असतो.

लांब जायची तयारी असेल तर सारंगखेडा. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठी. एकमुखी दत्ताचं देऊळ, दत्तजयंतीपासून यात्रा, आणि देशभरातून आलेले घोडे. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे. मारवाडी घोड्याचे कान आत वळून टोकाला टोक लागतात, हे लहान मुलाला पहिल्या मिनिटात दिसतं आणि मग तो प्रत्येक तंबूत कान मोजत फिरतो. रंगांची नावं ऐका: अबलख, कुम्मैत, चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी. शरीरावरच्या भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ ठरतं आणि त्यावरून किंमत वरखाली होते. माझा त्यावर विश्वास नाही, पण एखादा म्हातारा व्यापारी ते समजावून सांगायला लागला की ऐकत बसावं. रेवाल चालीचा घोडा धावताना स्वार हलत नाही, हातातला पेला सांडत नाही म्हणतात. ती चाल मैदानात दाखवतात ती वेळ चुकवू नका. काही व्यापारी अजून रुमालाखाली बोटं दाबून सौदा करतात. चेतक महोत्सव नावाने आता तिथे तंबूंची वसाहत, स्पर्धा, सांस्कृतिक कार्यक्रम असं बरंच काही होतं. तंबू महाग वाटले तर शहाद्याला किंवा दोंडाईचाला राहा. दोंडाईचा हे सुरत-भुसावळ मार्गावरचं जवळचं स्थानक. डिसेंबरात तापीकाठी थंडी चांगलीच बोचते, आजींना स्वेटरवर शाल लागेल.

मुलांसाठी तिथला नियम एकच, पण कडक: कुठल्याही घोड्याच्या मागून जायचं नाही. पुढून, त्याला दिसेल असं, आणि मालकाला विचारून. खायला काही द्यायचं नाही. घोडा दमलेला, जखमी किंवा आखूड दोरीने जखडलेला दिसला तर तोंड फिरवू नका, मुलीला दाखवा, आणि यात्रेत पशुवैद्यकीय पथक असतं त्यांना जाऊन सांगा. मराठवाड्याच्या बाजूला नातेवाईक असतील तर नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा याच हंगामात येते. तिथे घोडे, गाढवं, उंट आणि शिकारी जातीची देशी कुत्रीही असतात. लॅब्राडोरवाल्यांनी ती काटक, लांब तोंडाची कुत्री एकदा बघावीतच.

शर्यतींचं लोक विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवला, तेव्हा त्या कायदेशीर आहेत, अटींसह. तरी आठ वर्षांच्या मुलाला मी तिथे नेणार नाही. धूळ, गर्दी, ध्वनिक्षेपक, आणि घाटाच्या कडेला सुरक्षित जागा मिळेलच असं नसतं. त्याऐवजी पोळा. ओळखीच्या शेतकऱ्याकडे आदल्या संध्याकाळी जा. खांदेमळणी, म्हणजे बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून शेकणं, हा त्यातला सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग, आणि तो मिरवणुकीत दिसत नाही. सांगली-कोल्हापूरकडे हाच सण बेंदूर म्हणून आधी होतो. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, मुलं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीबद्दल विचाराल तर सापांना हात लावून बघण्याचा तो जुना प्रकार आता मनात धरून जाऊ नका. वन्यजीव कायदा १९७२ चा, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर ते थांबलं. साप बघायचे असतील तर पावसाळ्यात जाणत्या माणसासोबत आंबोलीला रात्रीची फेरी करा. बेडूक तर मोजता येणार नाहीत इतके.

गवताळ माळांबद्दल सांगितल्याशिवाय पुणेकराला सोडणार नाही. जंगल म्हणजे झाडी असं डोक्यात बसल्यामुळे आपण माळाला पडीक जमीन म्हणतो, आणि तिथेच चिंकारा, लांडगा, खोकड, तरस राहतात. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य केवळ पाच चौरस किलोमीटरचं, १९९७ मध्ये जाहीर झालेलं. मोरगावच्या गणपतीच्या वाटेवरच. सकाळी साडेसहाला फाटकावर असाल तर चिंकारा जवळपास नक्की, आठनंतर ऊन चढलं की बाभळीखाली बसलेला दिसतही नाही. धाविक, पखुर्डी, चंडोल हे माळावरचे पक्षी, हिवाळ्यात जमिनीलगत घिरट्या घालणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी: हे सगळं गाडीतून दिसतं, म्हणून गुडघेदुखीवाल्या आजींसाठी ही सगळ्यात चांगली सहल. कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे पुणे वनविभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. नोंदणी ऑनलाइन, सोबत स्थानिक वाटाड्या. लांडगा दिसेल की नाही हे वाटाड्यावर कमी आणि नशिबावर जास्त. काळवीट बघायला अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी. सोलापूरजवळ नान्नजला जा, पण माळढोक दिसेल म्हणून जाऊ नका. तो तिथे आता दिसत नाही म्हटलं तरी चालेल. काळवीट आणि लांडगे आहेत.

आणि हो, फुकटात म्हणाल तर सिंहगडाच्या पायथ्याची दरी. उन्हाळ्यात पांढऱ्या लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक हा पक्षी ओढ्याकाठी असतो. ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह, मारुती चितमपल्लींच्या आणि सलीम अलींच्या वाढदिवसांना जोडलेला. त्या आठवड्यात ठिकठिकाणी विनामूल्य फेऱ्या निघतात आणि नवख्यांना दुर्बीण हातात मिळते. स्वतःची घ्यायची घाई करू नका. घ्यालच तर ८×४२, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी. जास्त पटीची घेतली की मुलाच्या हातात चित्र थरथरतं.

मुंबईला मावशीकडे जाणं होत असेल तर दोन गोष्टी. नवी मुंबईत नेरूळच्या तलावांवर रोहित पक्षी भरतीच्या वेळी येतात, कारण तेव्हा खाडीचा चिखल पाण्याखाली असतो. ओहोटी लागली की परत खाडीवर. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत बोटही निघते, तीही भरतीवर. पण मुलांना खरं वेड लागतं ते ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांचं. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’चे स्वयंसेवक २०१७ पासून जुहू, गिरगाव, हाजीअली अशा ठिकाणी किनारफेऱ्या काढतात. डबक्यात समुद्रफूल, दुसऱ्याच्या शंखात घर केलेले खेकडे, कधी ऑक्टोपस, आणि मागे उंच इमारती.

स्वतः जाणार असाल तर जुना कोकणी हिशोब: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. चतुर्थीला भरती तीनला, ओहोटी नऊला. ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, वेळापत्रक बघून खात्री करायचीच. पाणी सगळ्यात जास्त मागे हटतं ते अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत. त्यात द्वितीया-तृतीयेला ओहोटी सकाळी साडेसात-आठच्या सुमारास पडते, म्हणजे उजेडही आहे आणि ऊनही नाही. मी सहली याच दोन तिथींना ठेवतो. पकड असलेले जुने बूट घाला, चपला नकोत. दगड उचलला तर तसाच परत ठेवायचा, त्याखाली कुणाचं तरी घर असतं. पावसाळ्यात निळ्या फुग्यासारखं काही वाळूवर दिसलं तर हात लावू नका. ते ‘ब्ल्यू बॉटल’, डंख जबर असतो.

काजव्यांचं थोडक्यात, कारण त्याचा फार बोलबाला झालाय. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची. मेअखेर ते पावसाची पहिली झड. नर काजवा मादीला बोलावायला चमकतो, आणि हजार गाड्यांच्या दिव्यांत ते बोलावणं हरवतं. शनिवारी जाऊ नका. शाळेला तेव्हा सुट्टीच असते, मंगळवारी जा. मेळघाट, ताडोबा वगैरे ठिकाणी बुद्धपौर्णिमेला मचाणावरून पाणवठा बघण्याचा ‘निसर्गानुभव’ वनविभाग ठेवतो, पण बहुतेक ठिकाणी १८ वर्षांखालच्यांना घेत नाहीत. मुलं आजीकडे ठेवून तुम्ही दोघं जा. पूर्वी ती खरीच गणना होती, आता मोजणी कॅमेरे करतात, तुम्ही फक्त रात्रभर गप्प बसायचं.

राहता राहिला कुत्रा. अभयारण्यांत पाळीव कुत्र्याला मनाई आहे, माळांवर मनाई नसली तरी नेऊ नका. कुत्र्यांकडून लांडगा आणि खोकड यांना डिस्टेंपर, रेबीज होतो, आणि पुण्याजवळच्या माळावर लांडगा-कुत्रा संकरही जनुकीय तपासणीत सापडलाय. वेळासला कुत्रा म्हणजे घरट्यांचा शत्रू. जत्रेत घोडा बिथरेल. मग उरतं काय? कृषी पर्यटन केंद्रं. मोराची चिंचोली त्याच्यासाठी योग्य नाही, मोर पळतील. पण शिरूर, आंबेगाव, जुन्नरकडे कुत्र्यांना घेणारी शेतघरं आहेत. तिथे रात्री त्याला खोलीत, तुमच्या पायाशी झोपवा, अंगणात बांधू नका. ऊसपट्ट्यात बिबट्या आहे आणि बांधलेलं कुत्रं त्याला सोपं जातं. लघवीला नेतानाही टॉर्च आणि आखूड पट्टा. पावसाळ्यानंतर परत आलात की कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड तपासा.

पहिल्या वर्षी सगळं करायला जाऊ नका. नोव्हेंबरात सुपे, दत्तजयंती किंवा पौष पौर्णिमा यातली जी शाळेला जमेल ती, जानेवारीअखेर भिगवण, मार्चमध्ये वेळास. यातलं वेळासचंच आरक्षण लवकर करावं लागतं, कारण मार्चचे शनिवार-रविवार सगळ्यात आधी भरतात. मुलीच्या वार्षिक परीक्षेची तारीख कळली की त्याच दिवशी फोन करा, आणि जमलं तर गुरुवार-शुक्रवार मागा.